उरलेली औषधं म्हणजे दान नव्हे



दरवर्षी आपण मुलांना वृद्धाश्रमात नेतो. मुलं गाणी म्हणतात, आजी-आजोबा डोळे पुसतात. गेल्या वर्षी मी वर्गात सांगितलं, "घरात उरलेली औषधं असतील तर आणा, तिथे उपयोगी पडतील." मुलांनी खोकं भरलं. तिथल्या सिस्टरांनी ते उघडलं आणि निम्मं सामान बाजूला काढलं. कशाची मुदत संपलेली, काही पट्ट्या अशा कापलेल्या की तारीखच गेलेली, डोळ्यांच्या थेंबांची एक बाटली फोडलेली. मग त्यांनी कपाट दाखवलं. त्यात वारलेल्या एका आजोबांच्या गोळ्या होत्या. "टाकवत नाही हो सर," त्या म्हणाल्या, "आणि टाकायच्या तरी कुठे?"

मी ओशाळलो. आम्ही आमचाच कचरा त्यांच्या दारात नेऊन ठेवला होता.

"काही वाया घालवू नये" हे आपण पहिलीपासून शिकवतो. अन्नाला, कागदाला ते लागू आहे. उरलेल्या औषधाला नाही. एकाची साखरेची किंवा रक्तदाबाची गोळी चुकून दुसऱ्याला गेली, तर म्हातारपणी एक चक्कर खुबा मोडायला पुरते.

मग करायचं काय? डॉक्टरांनी खास सांगितल्याशिवाय औषधं संडासात किंवा मोरीत टाकू नयेत. ती शेवटी पाण्यात जातात. उघड्या कचऱ्यात टाकली तर कचरा वेचणाऱ्यांच्या, लहान मुलांच्या हाती लागतात. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे रुग्णालयांत अशी औषधं पिवळ्या पिशवीत जमा होतात आणि पुढे भट्टीत जाळली जातात. वृद्धाश्रमांनी जवळच्या रुग्णालयाशी बोलून ही सोय करून घ्यावी. तोवर बाद औषधांचा डबा वेगळा, कुलपात ठेवावा आणि त्यात काय टाकलं ते वहीत लिहावं. घरच्या औषधांबद्दल औषध दुकानदाराला आणि घंटागाडीवाल्यांना विचारावं. ओल्या-सुक्या कचऱ्यात ती मिसळू नयेत.

यंदा मी मुलांना वेगळा गृहपाठ दिला: मोठ्यांना सोबत घेऊन घरातल्या औषधांच्या तारखा वाचा आणि यादी करा. हात लावायचा तो मोठ्यांनीच. पालकहो, यादीखाली सही करण्याआधी तो डबा एकदा तुम्हीही उघडून बघा.

आणि वृद्धाश्रमात काही न्यायचंच असेल, तर आधी फोन करून विचारा, "तुम्हाला काय हवंय?"