आधी लाईटचं बघा, मग ग्राफिक्स कार्डाचं

गेमिंग पीसी जुळवायचा म्हटलं की चर्चा ग्राफिक्स कार्डापासून सुरू होते आणि बहुतेकदा तिथेच संपते. पुण्याच्या फ्लॅटमध्ये ठीक आहे हो, पण मशीन गेवराईच्या घरी चालवायचं असेल तर खरेदीची यादी उलटी करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी पॉवर सप्लाय. आरटीएक्स ४०६० कार्ड ११५ वॅट खातं, रायझन ५ ५६०० प्रोसेसर फार तर ७६. म्हणजे चांगल्या कंपनीचा, ८० प्लस ब्रॉन्झ दर्जाचा ५५० वॅटचा सप्लाय पुरून उरतो. कॅबिनेटसोबत 'फुकट' येणारा मात्र नको. तो जाताना कधीकधी मदरबोर्डलाही सोबत घेऊन जातो!

मग यूपीएस. ६०० व्हीएचा साधारण ३६० वॅटच देतो, म्हणून १००० व्हीएचा बघा, जमल्यास साइन वेव्हवाला. आणि अर्थिंग तपासून घ्या. प्लगची तिसरी पिन शोभेची नसते.

तिसरी हवा. मे महिन्यात आपल्या मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतो. खोलीच ४० अंशांवर असेल तर पंखे कितीही लावा, आतलं तापमान त्याखाली येणार नाही. त्यामुळे पुढे काच नको, जाळी असलेलं कॅबिनेट घ्या आणि धुळीचा फिल्टर अधूनमधून झटका.

एवढं केल्यावर बजेटमध्ये कार्ड एक पायरी खाली येईल, मान्य. पण सेटिंग 'अल्ट्रा'वरून 'हाय'वर आणता येतं, कार्ड दोन वर्षांनी बदलताही येतं. व्होल्टेजने जळालेला बोर्ड बहुतेकदा वॉरंटीतही बसत नाही. तेव्हा घरच्यांना काय सांगणार?

बघा, पटतंय का.