सुरक्षा फक्त गाडीच्या आत नको

रात्रीच्या रस्त्यावर मोटारसायकलच्या उजेडात अचानक म्हैस उभी दिसते आणि ब्रेक दाबायलाही वेळ मिळत नाही. कधी जनावर मरते, कधी घरातला कमावता मुलगा जातो. "नशिबात होते" म्हणून आपण विषय संपवतो. पण प्रत्येक अपघाताचे खापर नशिबावर फोडून कसे चालेल?

प्राण्यांशी होणारी धडक टाळण्याचे तंत्रज्ञान आज उपलब्ध आहे. कॅमेरा आणि रडार रस्त्यावर नजर ठेवतात, प्राणी दिसताच चालकाला इशारा देतात आणि वेळ पडल्यास गाडी स्वतःच ब्रेक लावते. स्वीडनच्या व्होल्वो कंपनीने मूस या तिकडच्या धिप्पाड हरणासारख्या प्राण्यांसाठी ही यंत्रणा बनवली. ऑस्ट्रेलियात मात्र ती कांगारूपुढे गोंधळली. ती जमिनीच्या आधारे अंतर मोजत असल्याने उडी मारलेला कांगारू लांब वाटायचा आणि खाली टेकला की जवळ. २०१७ मध्ये कंपनीच्याच लोकांनी ही अडचण सांगितली.

म्हणजे यंत्र शिकवलेलेच ओळखते. आपल्या रस्त्यांवर गाय, म्हैस, कुत्रा, रानडुक्कर, नीलगाय आहे. इथे अशी गाडी विकणाऱ्याला विचारायला हवे, यापैकी कोणत्या प्राण्यांवर, अंधारात, चाचणी झाली?

दुसरा प्रश्न अधिक मोठा आहे. ही सोय महागड्या गाडीत बसणाऱ्याला मिळेल. मोटारसायकलवरून रात्रपाळीला जाणाऱ्या तरुणाचे काय? रस्ता ओलांडणाऱ्या मुक्या जिवाचे काय?

त्याचे उत्तर रस्त्यातच शोधावे लागेल. नागपूर-सिवनी महामार्ग पेंच व्याघ्र प्रकल्पातून जातो. पर्यावरण कार्यकर्त्यांनी न्यायालयात दाद मागितली आणि महाराष्ट्राच्या हद्दीत प्राण्यांना खालून जाण्यासाठी नऊ ठिकाणी मार्ग बांधले गेले. २०१९ मधल्या कॅमेऱ्यांच्या नोंदींत वाघासह अठरा जातींचे वन्यप्राणी तिथून जाताना दिसले. वरून जाणारी ट्रक असो वा दुचाकी, फायदा सर्वांनाच झाला.

हे मागितल्यामुळे मिळाले. आपणही मागू शकतो. आपल्या भागात जनावरांचे अपघात कुठे होतात, त्या जागा लिहून काढा. दिवे, फलक आणि गतिरोधकांसाठी ग्रामपंचायतीला, नगरपालिकेला, सार्वजनिक बांधकाम विभागाला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. जनावरे पाळणाऱ्यांना गळ्यात चमकणारा पट्टा बांधायला सांगा. आणि आज रात्री गाडी काढाल तेव्हा वेग कमी ठेवा. तेवढे तरी आपल्याच हातात आहे.