आधी वायू दाखवा, मग करार करा!



सूर्य मावळला की सौर वीज संपते, म्हणून वायूवरची वीज केंद्रे हवीत, अशी चर्चा देशात वारंवार होते. महाराष्ट्राने ती डोळे मिटून ऐकू नये. गुहागर तालुक्यात अंजनवेलला असे एक केंद्र आहे, 1,967 मेगावॉटचे. पाटीवर 2005 पासून ‘रत्नागिरी गॅस अँड पॉवर’ असले तरी लोकांच्या तोंडी ते अजून एन्रॉनच.

यंत्रावर आमचा राग नाही. वायू जाळून एक टर्बाइन फिरते. तिच्यातून बाहेर पडणारा सुमारे 600 अंशांचा झोत वाया न घालवता त्यावर वाफ करतात आणि त्या वाफेवर दुसरी टर्बाइन चालते. कोळशाच्या केंद्रात इंधनातली तिसऱ्या हिश्शाहून थोडीच अधिक उष्णता विजेत उतरते, इथे निम्म्याहून जास्त. राखेचे डोंगर नाहीत. संचही कोळशापेक्षा लवकर चालू होतो. खोट आहे ती कागदात.

डिसेंबर 1993 मध्ये राज्य वीज मंडळाने एन्रॉन या अमेरिकी कंपनीबरोबरच्या वीजखरेदी करारावर सही केली. प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही, असे जागतिक बँकेने त्याच वर्षी कळवले होते. पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेने पुढे कराराची आकडेमोडच लोकांपुढे मांडली. करार असा, की वीज घ्या अथवा घेऊ नका, क्षमतेचे पैसे मोजा. हिशेब डॉलरमध्ये. रुपया घसरला तर भुर्दंड मंडळाला, इंधन महागले तरी मंडळालाच. वर राज्याची हमी, तिच्यावर केंद्राची प्रतिहमी. मग कंपनीने धोका तो कसला पत्करला?

यात कोणाचेच हात स्वच्छ नाहीत. काँग्रेसच्या राज्यात सही झाली. एन्रॉन समुद्रात बुडवण्याच्या घोषणा देत आलेल्या शिवसेना-भाजप युतीने 1995 मध्ये करार रद्द केला आणि काही महिन्यांतच तोच प्रकल्प आणखी मोठा करून परत आणला. मे 1996 मध्ये वाजपेयींच्या तेरा दिवसांच्या सरकारला जाता जाता प्रतिहमी मंजूर करायला मात्र सवड मिळाली! विरोध करणाऱ्या गावकऱ्यांच्या वाट्याला लाठ्या आणि अटका आल्या. 1999 चा ह्यूमन राइट्स वॉचचा अहवाल त्याबद्दलच आहे.

आणि वायू? मे 1999 मध्ये 740 मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला तो नाफ्त्यावर. वीज इतकी महाग पडली की मे 2001 मध्ये मंडळाने ती घेणेच थांबवले. डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉन दिवाळखोरीत गेली आणि इथला सांगाडा सावरायला एनटीपीसी व गेल या सरकारी कंपन्या, म्हणजे पुन्हा आपलाच पैसा, पुढे आल्या. पुढे कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला वायू मिळू लागला. तोही आटला आणि 2013 अखेर संच थंड पडले. 2015 मध्ये रेल्वेसाठी 500 मेगावॉटपुरती धुगधुगी आली. शेजारीच वायू आयातीचे टर्मिनल आहे, पण लाटा अडवणारी भिंत वर्षानुवर्षे अपुरी राहिल्याने पावसाळ्यात तिथे जहाज लागत नसे. कोकणात पाऊस पडतो, हे बहुधा आराखड्यात लिहायचे राहिले असावे.

रात्रीच्या टंचाईत हे केंद्र उपयोगी पडत असेल तर जरूर चालवा. मात्र वायू कोणाकडून, किती वर्षे आणि कोणत्या दराने येणार, हे नव्या करारावरच्या सहीआधी मराठीत जाहीर झाले पाहिजे. डॉलरच्या चढउताराचा वाटा विकणाऱ्यानेही उचलावा. वायूअभावी संच बंद राहिला तर त्या काळाचा स्थिर आकार आमच्या बिलात येता कामा नये. वीज नियामक आयोगाने त्या करारावरची जाहीर सुनावणी मुंबईत उरकू नये, गुहागरलाही घ्यावी. तारीख निघाली की आपापली बिले घेऊन या. त्यातले ‘स्थिर आकार’ आणि ‘इंधन समायोजन आकार’ हे रकाने अधिकाऱ्यांकडून सर्वांसमक्ष वाचून घेऊ.

— काही वीजग्राहक