पावतीवर लिहिलेले माप

बाजारातून तयार पडदा आणला आणि तो खिडकीला बसला नाही, तर पिशवीत घालून दुकानात परत नेता येतो. घराच्या मापाने शिवून घेतलेल्या पडद्याचे तसे नाही. कात्री लागली की ते कापड दुसऱ्या कुणाच्या कामाचे राहत नाही. दुकानदार ते परत घ्यायला नाखूश आणि गिऱ्हाईक ते वापरायला नाखूश! म्हणून मापाने बनवून घेण्याच्या व्यवहारात पैशाइतकाच वायदाही महत्त्वाचा असतो. या महिन्यात त्या वायद्याविषयी वाचक बंधू-भगिनींशी बोलावे असे वाटते. निमित्त आमच्याच घरातले आहे.

अम्मी, म्हणजे आमच्या सासूबाई, घसरून पडल्या आणि त्यांच्या खुब्याचे ऑपरेशन करावे लागले. आमचे घर दोन खोल्यांचे. त्यांचा पलंग हॉलखेरीज कुठे ठेवता येईना. हॉल म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांचा रस्ता. इयादतीला येणारे पाहुणे, दूधवाला, मुलांचे मित्र, सगळे तिथूनच. आयुष्यभर डोक्यावरचा पदर ढळू न दिलेल्या बाईचे अंग पुसायचे, कपडे बदलायचे ते या वर्दळीत कसे? म्हणून छताला चॅनेल बसवून पलंगाभोवतीचा भाग पडद्याने वेगळा करायचे ठरले.

दुकानाचा माणूस घरी आला. त्याने स्वतः टेप लावली आणि हिशेब पावतीच्या मागे स्वतःच्या हाताने लिहिला. चॅनेल १० फूट, म्हणजे १२० इंच. नीट चुण्या पडायच्या तर कापड दुप्पट रुंद हवे, म्हणजे २४० इंच. एक पट्टा शिवून ४८ इंच भरतो, तेव्हा पट्टे पाच. उंची १०६ इंच. वरची पट्टी आणि खालची दुमड यांसाठी १२ इंच जादा धरले की एका पट्ट्याला ११८ इंच, म्हणजे सुमारे ३ मीटर. एकूण १५ मीटर. जाड पॉलिएस्टर, ३२० रुपये मीटर, म्हणजे कापडाचे ४,८०० रुपये. शिलाई पट्ट्याला १५० प्रमाणे ७५० रुपये. आम्ही ३,००० रुपये आगाऊ दिले, बाकीचे पडदा लावून झाल्यावर द्यायचे ठरले. अम्मी बुधवारी घरी येणार होत्या, पडदा सोमवारी मिळणार होता.

सोमवारचा शुक्रवार झाला. प्रत्येक फोनला एकच उत्तर, "इन्शाअल्लाह, उद्या." हा पाक शब्द काम अंगावर घेताना उच्चारायचा असतो, काम टाळण्यासाठी नव्हे. तोवर आम्ही दोरीवर दोन चादरी टाकून भागवले. बाहेरचा आवाज कानी आला की अम्मी चादरीची फट हाताने धरून ठेवत. पडदा आला तो एकोणीस दिवसांनी. पट्टे चार, उंची १०० इंच. खालून सहा इंच उघडे, मध्ये चुण्या नाहीत, पट्ट्यांच्या जोडावर फटी. आणि बिल मात्र पूर्ण १५ मीटरचे.

आम्ही दुकानात गेलो.

"बाजी, कापड आटलं असेल," दुकानदार म्हणाले.

"भाई, पाण्यात न घातलेलं कापड आटतं कसं?"

"मग शिलाईत गेलं असेल. आपसातली गोष्ट आहे, घ्या सांभाळून."

पाचवी-सहावीच्या मुलांना आम्ही असली उदाहरणे रोज घालतो, म्हणून तिथेच कागदावर मांडून दाखवले. शिलाईचे १२ इंच धरूनही एका पट्ट्याला ११२ इंच कापड लागले. चार पट्ट्यांना ४४८ इंच, म्हणजे साडेअकरा मीटरही भरत नाही. उरलेल्या साडेतीन मीटरहून जास्त कापडाचे आमच्याकडून ११५० रुपयांच्या आसपास मागितले जात होते. ते कापड कुठे गेले, याला उत्तर नव्हते.

मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांनी आम्हांला समजावले, "आपलाच माणूस आहे, जाऊ द्या." अम्मीही म्हणाल्या, "माझ्यापायी कुणाचं मन दुखवू नका." दोघांचा हेतू नेक होता. माफ करणे सवाबाचे काम आहे, हे आम्हीही मुलांना शिकवतो. पण माफी हिशेब समोर ठेवून दिली जाते. हिशेबच न मागणे ही नुसती भीड झाली. आणि आपण भिडेने गप्प बसलो की पुढच्या घरीही कापड कमीच भरणार. कुरआन शरीफात सूरह मुतफ्फिफीनची सुरुवातच, घेताना पुरते माप घेणाऱ्या आणि देताना कमी भरणाऱ्यांना दिलेल्या इशाऱ्याने होते. तिथे आपला आणि परका असा भेद केलेला नाही.

म्हणून आम्ही आवाज न चढवता सगळा हिशेब लिहून दिला, सोबत पावतीचा फोटो जोडला आणि आठ दिवसांची मुदत दिली. आठव्या दिवशी पाचवा पट्टा आला आणि बाकी चारांना खाली सहा इंचांची जोडपट्टी लागली. पहिला गठ्ठा संपला होता, त्यामुळे जोडपट्टीचा रंग थोडा वेगळा. मग आम्ही उरलेले २,५५० रुपये दिले. पडद्याचे काम भागते, पण अम्मींचे ते दिवस चादरीची फट धरण्यात गेले, त्यांची भरपाई कोणत्याही बिलात बसत नाही.

हनफी फिकहमध्ये कारागिराकडून वस्तू बनवून घेण्याच्या कराराला 'इस्तिसना' म्हणतात. त्यात वस्तूचा माल, प्रकार आणि माप आधीच स्पष्ट ठरवावे लागते. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे, आणि लिहिल्याने शंकेला जागा कमी उरते हे कारणही तिथेच आले आहे. त्यामुळे ओळखीच्या माणसाकडे कागद मागणे हा अविश्वास नाही, उलट पुढे ओळख टिकते ती त्यामुळेच.

देशाचा कायदाही पाठीशी आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे निकाल लागला नाही तर आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. वकील केलाच पाहिजे असेही नाही.

शिवायला टाकताना पावतीवर एवढे लिहून घ्यावे: पट्टे किती, शिवून झाल्यावरची उंची आणि रुंदी, कापड किती मीटर, अस्तर आहे की नाही, शिलाईचा दर आणि देण्याची तारीख. सुती कापड असेल तर ते आधी भिजवून घेणार का, हेही विचारावे. सर्व पट्टे एकाच गठ्ठ्यातले हवेत असे सांगावे. भिंती सरळ नसतात, तेव्हा उंची तीन ठिकाणी मोजायला लावावी. थोडे पैसे पडदा लागेपर्यंत हाती ठेवावेत.

आता थोडे दुसऱ्या बाजूने. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागांवर आपलेच कितीतरी भाऊ राबतात, आणि हे मासिक वाचणाऱ्या अनेक भगिनींचे घर शिलाई मशीनवर चालते. त्यांना आमची विनंती आहे. कात्री लावण्याआधी गिऱ्हाइकाला माप वाचून दाखवा. तारीख जमत नसेल तर आदल्या दिवशी तुम्हीच फोन करा. उरलेले कापड, मग ती चार बोटांची पट्टी का असेना, घडी करून परत द्या. ती गिऱ्हाइकाची अमानत आहे. आणि गिऱ्हाइकांना विनंती ही की काम मापात उतरले असेल, तर शिलाईत घासाघीस न करता त्या बहिणीचे पैसे त्याच दिवशी तिच्या हातावर ठेवा.