ज्याच्याकडे कर्ज, त्यालाच कर्ज

मे २०२० मध्ये, लॉकडाऊनने झोपवलेल्या छोट्या धंद्यांसाठी केंद्राने तीन लाख कोटींची तातडीची कर्जहमी योजना आणली. तारण नको, हमी सरकारची. पण मिळणार किती? २९ फेब्रुवारी २०२० रोजी बँकेचं किंवा वित्तसंस्थेचं जेवढं कर्ज बाकी, त्याच्या २० टक्के. बाकी शून्य, तर मदतही शून्य.

वस्तीतल्या ज्या पोराने पदवीनंतर आईचे दागिने मोडून, मामाकडून उसने घेऊन, उरलेले सावकाराकडून उचलून झेरॉक्सचं दुकान टाकलं, त्याच्याही डोक्यावर कर्जच होतं. फक्त ते बँकेच्या वहीत नव्हतं. आधी बँकेने दारात उभं केलं नाही. पुढे तेच अपात्रतेचं कारण झालं.

मग २०१६ ची स्टँड-अप इंडिया? प्रत्येक शाखेने अनुसूचित जाती वा जमातीच्या किमान एका उद्योजकाला १० लाख ते १ कोटी द्यायचे होते. पण धंदा पहिलाच हवा होता! बुडालेलं दुकान पुन्हा उघडणारा तिथेही बसत नव्हता.

पुढच्या वेळी मदत बुडालेल्या विक्रीवर मोजा. यूपीआयच्या नोंदी, वीजबिल, भाड्याची पावती, एवढे पुरावे आपल्या पोरांकडे असतात.