सामू उतरवणाऱ्यांचा हिशेब



'एकरी दहा किलो गंधक टाका, जमिनीचा सामू उतरतो, केळी हिरवीगार होते.' हे ऐकून आमच्यापैकी अनेकांनी पिशव्या आणल्या आणि टाकल्या. सामू होता तिथेच राहिला. विक्रेत्याला विचारले तर म्हणे, तुम्हाला पाणी देता येत नाही. म्हणून आम्ही स्वतःच हिशेब मांडला.

यातले शास्त्र परके नाही. हळदीत चुना कालवला की ती लाल होते, वर लिंबू पिळले की पुन्हा पिवळी. चुना आम्लारी, लिंबू आम्ल. दोघे भेटले की एकमेकांचा जोर मारतात. सामू म्हणजे या जोराचे माप. 7 म्हणजे मधोमध, आणि पुढची प्रत्येक पायरी दहापट. तापीकाठच्या रावेर-यावलच्या काय किंवा शिरपूर-शिंदखेड्याच्या काय, आमच्या काळ्या जमिनी बहुधा 7.5 ते 8.5 मध्ये बसतात. कारण त्यात चुनखडी आहे. ढेकळावर पातळ आम्लाचे दोन थेंब टाका, फस्सकन फेस येतो. हा फेस म्हणजे चुनखडी आम्ल खाते आहे.

आता किती खाते ते पाहा. एकराच्या वरच्या सहा इंच मातीचे वजन सुमारे 900 टन. त्यात चुनखडी फक्त एक टक्का धरली तरी 9 टन झाली. गंधकाचे जमिनीतले जिवाणू गंधकाम्ल करतात हे खरे. पण 9 टन चुनखडी संपवायला जवळजवळ 3 टन गंधक लागेल. दहा किलो गंधक जेमतेम 31 किलो चुनखडी खाते. विहिरीत लिंबू पिळून सरबत करण्यासारखेच हे. गंधक पिकाला अन्न म्हणून लागते, त्यासाठी जरूर टाकावे. सामूसाठी पैसे मोजू नयेत.

केळीची, मोसंबीची कोवळी पाने पिवळी पडतात त्याचे कारणही हेच. लोह मातीत असते, पण चुनखडीत अडकलेले. वरून हिराकस टाकला तर तोही थोड्याच दिवसांत अडकतो. चिलेट घ्यायचे तर पुडक्यावरची अक्षरे वाचा. ईडीटीए लोह फवारणीला चालते, पण आमच्या मातीत टिकत नाही. मातीतून द्यायचे तर ईडीडीएचए लागते. ते महाग आहे. पण स्वस्त म्हणून भलतेच घेतले तर सगळेच पैसे गेले.

आम्ल खरोखर कामाला येते ते ठिबकला. ड्रिपरमध्ये बसलेला पांढरा थर चुनखडीचाच. तो आम्लाने विरघळतो. मात्र आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात कधीही नाही. उसळून डोळे जातात.

2015 साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी तपासतात. त्यात सामू आहे, चुनखडीचे प्रमाण नाही. जळगाव-धुळ्याच्या शेतकऱ्याला तेच आधी कळायला हवे. तपासणीच्या कागदावर तेरावा रकाना चुनखडीचा हवा, ही आमची मागणी आहे. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने आपली पत्रिका आणि गेल्या वर्षीच्या खत-औषधांच्या पावत्या सोबत आणाव्यात.