बाईचं रक्त घेतलं, बाप्याचं कुठाय?

पोटुशी सून एचआयव्ही पॉझिटिव्ह निघाली की तिची रवानगी माहेरी, आणि बहुतेक वेळा नवऱ्याकडूनच लागण झालेली असताना पांढऱ्या पायाची तीच! याची चीड सातारा-सांगलीत कुणाला शिकवावी लागत नाही. आमचं भांडण त्यामागच्या रीतीशी आहे : आधी बायकोची तपासणी, आणि तिच्यात काही निघालंच तर नवऱ्याला निरोप. ती निगेटिव्ह आली की हा न तपासताच पास. हे कुठलं शास्त्र? जोडप्यात एकालाच लागण असणं डॉक्टरांना नवं नाही. विट्या-आटपाडीचा, सोनं-चांदी गाळणारा गलाईवाला वर्षभर परराज्यात, पाटणचा माथाडी मुंबईत. तिसऱ्या महिन्यात बायकोचा रिपोर्ट निगेटिव्ह येतो, पाचव्यात नवरा जत्रेला येतो. तेव्हा तिला लागण झाली, तर ताज्या लागणीत विषाणू रक्तात भरमसाट वाढतो, बाळाचा धोकाही वाढतो, आणि कार्डावर मात्र तिसऱ्या महिन्याचं 'निगेटिव्ह' तसंच. (यात परगावी राबणाऱ्यांची बदनामी दिसत असेल, तर घरबशा बागायतदाराचंही रक्त आम्ही मागतोच आहोत.)

उपचाराविना बाळाला लागण होण्याची शक्यता 15 ते 45 टक्के. वेळेत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरच्या गोळ्या, मिळाली तर 5 टक्क्यांच्या आत. गोळ्या सरकारी केंद्रात फुकट. नवऱ्याने त्या नेमाने घेतल्या आणि विषाणू चाचणीत सापडेनासा होऊन तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून बायकोला लागण होत नाही. तरी म्हणे पुरुषांना वेळ नसतो! कारखान्यावर उसाची ट्रॉली खाली व्हायला रात्र काढतात, तेव्हा असतो. दुसरा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नाही : नवऱ्याला बोलावलं तर बाईला मार बसेल. बसतो; पण तिचा एकटीचाच रिपोर्ट आधी हाती पडला, की 'हे तूच आणलंस' म्हणायला घर मोकळं होतं. पहिल्याच खेपेला दोघांची तपासणी झाली तर ती सोय राहत नाही. अर्थात बोलावणं तिच्या मर्जीने. नवरा आला नाही म्हणून तिची तपासणी अडवणं हा नवा जुलूम होईल. मारहाणीची, टाकून देण्याची धास्ती असेल तिथे तिचा रिपोर्ट नवऱ्याला सांगायचा नाही, हे 2017 च्या एचआयव्ही कायद्यातच आहे.

आणि पुरुषांना वेळ नसतो म्हणता, मग तपासणी केंद्रं कामाच्या वेळातच उघडी का? गलाईवाला दिवाळीला, जत्रेला गावात असतो. तपासणी तेव्हा गावात न्या. आणि बोलावण्याची चिठ्ठी सासूच्या हाती नको, नवऱ्याच्या नावाने, बंद पाकिटात द्या.